कागदात न आलेली रापण

मथुरा मेथर रागीट बाई होती, असं सडेवाडीत आजही सांगतात आणि सांगताना हसतात. हसायला त्यांचं काय जातं? भर दिवसा, चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत, काही एक गुन्हा नसताना जिचा नवरा हात बांधून नेला, तिने रागवायचं नाही तर काय आरती ओवाळायची? जन्माची तिखट नव्हती ती. दारोदार मासळी विकायला फिरायची तेव्हा बायका दुसरीला परत पाठवून हिची वाट बघायच्या, ते निम्मं तिच्या गोड बोलण्यासाठी. राग नंतर आला. एका ठरावीक सकाळी आला आणि मग घरातलाच एक होऊन राहिला.

सडेवाडी म्हणजे आचऱ्याच्या खाली अडीच मैलांवर, सड्याच्या, म्हणजे समुद्राकाठच्या कातळी पठाराच्या, पायथ्याशी चिकटलेली पंचवीस-तीस घरं. सगळी गाबतांची, म्हणजे मासे मारणाऱ्यांची, सगळी एकाच रापणीवर जगणारी. रापण ज्याने बघितली नाही त्याच्यासाठी सांगायचं तर ते लांबच लांब जाळं. त्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी धरायचा, होडीने जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारायचा, दुसरा दोर पुढे किनाऱ्याला आणून द्यायचा आणि मग दोन्ही अंगांनी सगळ्यांनी मिळून ओढायचं. पण पाण्यात मासा नेमका कुठे आहे ते होडीतल्या माणसाला दिसत नाही. ते उंचावरून दिसतं. म्हणून सड्याच्या टोकाला, समुद्राकडे पुढे आलेल्या खडकावर, एक माणूस उभा राहतो. पाणी कुठे काळवंडलं, थवा कुठे वळला, हे बघून तो हातातलं पांढरं फडकं हलवतो. डावीकडे घे, उजवीकडे घे, थांब, सोड. सडेवाडीत हे काम बाबली मेथरचं होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाचं होतं. मथुरेला नवऱ्याचा मोठा अभिमान होता. रापणीत दोर ओढणारे चाळीस, पण खडकावर उभा राहणारा एकच.

आणि एक रिवाज होता. जाळं पाण्यात पडल्यापासून दोन्ही दोर किनाऱ्याला लागेपर्यंत खडकावरच्या माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलला की मासा फुटतो, म्हणत. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला ठाऊक. पण ठरलं होतं. एकदा खडकावर बाबलीच्या पायाला विंचू डसला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही, फडकं हलवत राहिला, आणि गाव ते कौतुकाने पाव्हण्यारावळ्यांना सांगायचं. आधीच मुलखाचा अबोल माणूस, त्यात हा रिवाज. दोघांचं चांगलं जमलं होतं.

साल एकोणीसशे सत्तावन्न. गोव्यात तेव्हा फिरंग्याचं राज्य होतं, इकडे दारूबंदी होती, आणि तिकडची दारू, घड्याळं, सोनं समुद्रातून इकडे उतरतं म्हणून सरकार किनाऱ्यावर डोळा ठेवून होतं. तालुक्याला नवा फौजदार आला होता, घाटावरचा. समुद्र म्हणजे काय ते त्याला बदलीच्या हुकमाने दाखवलं. आल्या आल्या त्याला काहीतरी मोठं पकडायचं होतं, वरच्यांना दाखवायचं होतं. नोव्हेंबरातली सकाळ, ऊन चांगलं वर आलेलं. गाडी मागे रस्त्यावर ठेवून, शिपाई धोंडूला बरोबर घेऊन तो सड्यावरच्या वाटेने चालला होता. तेवढ्यात खडकावर उभा राहून समुद्रातल्या होडीला पांढरं फडकं दाखवणारा माणूस त्याच्या नजरेला पडला.

आता खरं ते बोलावं. इथवर फौजदाराची चूक नाही. घाटावरच्या माणसाला संशय यावा असंच ते दिसत होतं. संशय आला तर विचार ना मेल्या! तर त्याने विचारलं, तेही कबूल. काय करतोस, कोणाला खुणा करतोस? बाबलीने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. जाळं पाण्यात होतं. फौजदाराने पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, खांदा धरून हलवलं. बाबलीने बोटाने खाली किनाऱ्याकडे दाखवलं. खाली चाळीस माणसं दोर धरून उभी होती, होडी त्यांच्या समोर जाळं सोडत होती. मध्ये पन्नास पावलांची उतरण. धोंडूला खाली पिटाळला असता तर पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. फौजदाराने पिटाळला नाही. त्याने बाबलीच्या कानाखाली आवाज काढला, फडकं हिसकावून घेतलं आणि त्याचे हात मागे बांधायला लावले.

खाली वाळूत पाट्या घेऊन बसलेल्या बायकांत मथुरा होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. धावली ती काशीराम तांडेलाकडे. काशीराम रापणीचा म्होरक्या, दोराच्या पहिल्या जागेवरचा, पन्नाशीचा, वाडीत ज्याच्या शब्दाला मान असा माणूस. माझ्या माणसाला बांधतात, वर जा, सांग त्यांना तो आपला आहे म्हणून, असं ती ओरडून सांगत होती. काशीरामाने वर पाहिलं. चाळीसही जणांनी पाहिलं. दोर सोडला तर मासा जातो, असं काशीराम म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. मग सगळ्यांनीच माना खाली घातल्या. मथुरा एकटी सडा चढून वर गेली तोवर बाबलीला गाडीत घालून नेलं होतं.

त्या दिवशी बांगडा भरपूर लागला. बाबलीचा वाटा काढून संध्याकाळी घरी पोचवला, बरं का. एवढे इमानदार लोक!

चौकीवर गेल्यावर बाबली बोलला. रापणीला मासा दाखवत होतो, एवढं त्याने सांगितलं. आता सुचलं का, फौजदार म्हणाला, खडकावर का नाही वाचा फुटली? बाबलीने रिवाज सांगितला तर चौकीत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, फौजदाराने रिपोर्ट वाचला. परराज्यातून बेकायदा माल आणणाऱ्या होडीस खुणा करताना इसम आढळला, विचारता उत्तर दिले नाही, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे. मॅजिस्ट्रेटने आणखी आठ दिवस दिले. मॅजिस्ट्रेटला तरी काय बोलणार? त्याच्यासमोरच्या कागदात समुद्र होता, खडक होता, होडी होती, पांढरं फडकं होतं. रापण तेवढी नव्हती. चाळीस माणसं आणि अर्धा मैल जाळं, ते कागदातून गाळलं होतं.

आठ दिवसांत फौजदाराने मथुरेच्या घराची झडती घेतली. तांदळाचं पिंप उलटं केलं, चुलीतली राख उकरली, देवाच्या फळीवर हात घातला. सापडलं काय, तर फाटकी जाळी. मग नवव्या दिवशी पुरावा नाही म्हणून बाबलीला सोडून दिला. जा म्हणाले. एवढंच, जा.

तो घरी आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, ते पुढे कधीच आलं नाही. मथुरेने पेज वाढली, त्याने खाल्ली आणि पहाटे सवयीने उठून किनाऱ्यावर गेला. खडकावर दुसराच माणूस उभा होता, काशीरामाच्या बायकोचा भाऊ. काशीराम नजरेला नजर न देता म्हणाला की थोडे दिवस दोरावर ये, मग बघू. लोक काय काय बोलतात.

लोक बोलतच होते. दुकानात, विहिरीवर, होडीच्या आडोशाला एकच वाक्य: "उगाच कोणी धरून नेतत काय?" ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तेच हे वाक्य बोलत होते! त्यांच्या हातात दोर होता, वर त्यांचाच माणूस त्यांच्याच जाळ्यासाठी उभा होता, आणि आता त्यांनाच शंका येत होती. नऊ दिवस ठेवला म्हणजे काहीतरी असणार. रापण दाखवता दाखवता बाबली आणखी कोणाला काही दाखवत नसेल कशावरून? मथुरेच्या कानावर हे आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी गावाने तोड काढली. देवाला कौल लावायचा. देवीच्या अंगाला तांदूळ चिकटवायचे, उजवा पडला तर बाबली निर्दोष, त्याने खडकावर जावं, डावा पडला तर विषय संपला. गाव देवळात जमलं, गुरव तांदूळ घेऊन उभा राहिला. बाबली खांबाला टेकून गप्प. तेव्हा मथुरा बायकांतून उठून पुढे आली.

"देवीक कित्याक इचारतास?" ती म्हणाली. "देवी थंय दोर धरून नाय होती. तुमी होतास."

गुरवाच्या बोटांत तांदूळ तसेच राहिले. मथुरेने नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर आणला. कौल लागला नाही, आणि बाबलीची खडकावरची जागाही तशीच लोंबकळत राहिली. गावाचं म्हणणं, मेथरणीला देवीच्या कौलाची भीती वाटली. घ्या!

आठवडाभर ती धुमसत होती. मग एका सोमवारी पाटी शेजारणीकडे ठेवून तालुक्याला चालत गेली आणि बांबर्डेकर वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसली. बांबर्डेकर म्हणजे साठीचे, दम्याचे, पैशाच्या बाबतीत ढिले आणि कायद्याच्या बाबतीत चिवट गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी तिला परत पाठवण्याचाच प्रयत्न केला. सरकारी माणसावर दावा म्हणजे वर्षानुवर्षं हेलपाटे. आधी नोटीस द्यायची, दोन महिने थांबायचं, मग दावा, मग तारखा. मिळालं तर दोनचारशे रुपये. कशाला या फंदात पडतेस?

"माका पैसो नको," मथुरा म्हणाली. "माका कागद होयो. माज्या घोवाक कारण नसताना न्हेल्यानी, असा सरकारान लिवन दिवक होया. तो कागद घेवन मी त्येका परत खडकार उभो करतलंय."

सुटल्याचा कागद आहे ना, वकील म्हणाले. ती म्हणाली, त्याला वाडीत कोणी विचारत नाही, पुरावा नव्हता म्हणून सोडला म्हणतात. तेव्हा बांबर्डेकरांनी चष्मा काढला. बाई नेमक्या जागी बोट ठेवत होती. त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि हे मथुरेने पुढे जन्मभर तोंडपाठ ठेवलं. माणूस सुटला म्हणजे त्याची अटक खोटी होती, असं कायदा मानत नाही. पोलिसाचा संशय चुकीचा निघाला तरी चालतो, तो वाजवी असला म्हणजे झालं. कोर्ट एवढंच बघणार की त्या घटकेला, त्या खडकावर, फौजदाराच्या डोळ्यांसमोर आणि कानांवर जे होतं त्यावरून शहाण्या माणसाने बाबलीला धरलं असतं का. फौजदार म्हणणार, विचारलं, उत्तर दिलं नाही, आणि तिथेच तुमच्या दाव्याला भोक आहे.

"त्या चाळिसांतला एक साक्षीला आण," ते म्हणाले. "काशीराम तांडेल आला तर उत्तम. फौजदाराला खाली रापण चाललेली दिसत होती, त्याला हाक ऐकू गेली असती, एवढं त्याने सांगावं."

काशीराम आला नाही. आम्ही दोर धरून होतो, वर काय चाललंय ते बघायला वेळ कोणाला होता, असं म्हणाला. बाकीच्यांनी काशीरामाकडे बोट दाखवलं. तांडेल गेला तर आम्ही जातो. मथुरेने घर अन् घर पालथं घातलं. उन्हाळ्यात गेली, गणपतीत गेली, शिमग्यात गेली. प्रत्येक दारात तिला पाण्याचा तांब्या मिळाला, साक्ष कोणी दिली नाही. तिचं गोड बोलणं याच काळात संपलं. मासळी विकायला गेली तरी भाव सांगायची आणि गप्प बसायची.

बाबली या अवधीत दोर ओढत होता. खडकाकडे पाठ करून. मथुरा त्याच्यावरही चिडायची. अरे, बोल काहीतरी, एकाच्या तरी नरड्याला हात घाल! तो म्हणायचा, जाऊ दे. त्याला बोलायची सवय नव्हती आणि तिला गप्प बसायची राहिली नव्हती, असा त्यांचा संसार चालला होता.

नोटीस गेली, दावा लागला, तारखा पडत गेल्या, आणि साठ सालच्या अखेरीला साक्षी सुरू झाल्या. आधी बाबली उभा राहिला. सरकारी वकिलाने त्याला विचारलं, निर्दोष होतास तर तोंड का उघडलं नाहीस? बाबलीने ऑफिसातल्या मराठीत बोलायचा प्रयत्न केला, अडखळला, आणि शेवटी कसंबसं सांगितलं की बोललं की मासा फुटतो. कोर्टात खसखस पिकली. कारकुनापासून बेलिफापर्यंत सगळे हसले. एका माशासाठी नऊ दिवस कोठडीत बसलास, असं सरकारी वकील म्हणाला आणि आणखी हशा घेतला. मथुरा मागच्या बाकावर होती. तिने पदराचा बोळा मुठीत इतका आवळला की नखं तळव्यात रुतली. हसा, हसा! तिन्हीत्रिकाळ तुमच्या ताटात मासा लागतो तो असाच येतो.

मग फौजदार. तो आता दुसऱ्या तालुक्याला होता, अंगाने सुटला होता. बांबर्डेकर दम लागत असल्यामुळे हळू बोलत, आणि त्यामुळे सगळ्यांना कान द्यावा लागे.

"खाली किनाऱ्यावर माणसं दिसली तुम्हाला?"

"दिसली."

"काय करत होती?"

"दोर धरून होती. मासे मारत असावीत."

"खडकावरचा माणूस त्यांच्याकडे बोट दाखवत होता?"

फौजदार म्हणाला की तसं काहीसं केलं होतं, पण मासेमारी हा नुसता देखावाही असू शकतो, असं आपल्याला वाटलं. वाटलं असेल, बांबर्डेकर म्हणाले, माणसाला काहीही वाटू शकतं. मग त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढचा तो रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि त्यातला रापणीचा शब्द दाखवा म्हणाले. देखावा वाटला तर देखावा म्हणून लिहायचं, गाळलं का? फौजदाराने कागद वाचला. उलटून पाहिला. मागे कोरं होतं. रिपोर्ट घाईत लिहिला होता, असं तो म्हणाला.

शेवटी फौजदाराच्या बाजूने शिपाई धोंडू आला. वालावलचा माणूस, खाडीकाठी वाढलेला, पोरंबाळं असलेला, अजून नोकरीत असलेला. शिकवलेलं सगळं त्याने सांगितलं. इसम खुणा करत होता, विचारता गप्प राहिला. मथुरेला वाटलं, झालं, हाही तसलाच. बांबर्डेकर उठले. त्यांच्याकडे धोंडूबद्दल कसलीही बातमी नव्हती. हा खाडीवरचा आहे, रापण याने पाहिलेली असणार, एवढाच त्यांचा अंदाज.

"धोंडू, त्याला खडकावर बघितल्याबरोबर तुला कळलं ना तो कोण आहे?"

धोंडूने फौजदाराकडे पाहिलं. मग छताकडे. न्यायाधीशांनी दोनदा सांगितलं, उत्तर द्या.

"कळलं," धोंडू म्हणाला. "मी साहेबांना तिथेच बोललो. साहेब, हा रापणीचा माणूस आहे, जाळं पडलंय म्हणून बोलत नाही, खाली जाऊन विचारून येतो. साहेब म्हणाले, तू गप्प राहा, तू यांच्यातलाच."

कोर्टात आता कोणी हसलं नाही. मथुरा बाकावरून उठून उभी राहिली, बेलिफाने बसवलं. तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन हिंडत होता, तिच्याच पाटीतले बांगडे घेत होता. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की नोकरी पणाला लावून बोलला तो हा पोलीसच. चाळीस गाववाल्यांतला एक नाही.

निकाल एकसष्टच्या फेब्रुवारीत लागला. बांबर्डेकरांनी ओसरीवर बसून तो तिला वाचून दाखवला, सावकाश, अर्थ सांगत. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की संशय येणं हा फौजदाराचा दोष नाही. माणूस उत्तर देत नाही म्हटल्यावर संशय वाढणंही समजू शकतं. पण संशय खरा की खोटा हे पन्नास पावलांवर कळत होतं, बरोबरचा माणूस कारणासकट सांगत होता, आणि फौजदाराने पन्नास पावलं चालायचं टाळलं, सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं आणि पुढे मॅजिस्ट्रेटपासून रापण लपवली. अशा अटकेला वाजवी कारण होतं असं म्हणता येत नाही. बाबली मेथर यास विनाकारण अटकेत ठेवलं. नुकसानभरपाई तीनशे रुपये आणि दाव्याचा खर्च.

मथुरेने 'विनाकारण' हा शब्द कुठे लिहिला आहे ते बोटाने दाखवायला लावलं. तिला वाचता येत नव्हतं, पण जागा बघून ठेवली. मग वकील म्हणाले, आणखी एक ओळ आहे. किनाऱ्यावर हजर असलेल्या चाळीस इसमांपैकी एकही वादीतर्फे साक्षीस आला नाही, याचे आश्चर्य वाटते. तीही जागा तिने बोटाने बघून घेतली.

फौजदाराचं काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. पैसे सरकारने भरले. धोंडूची मात्र लांब, घाटावर, बदली झाली.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी काशीराम तांडेल आला. धुतलेलं धोतर, हातात दोन शहाळी. वाडीला कोर्टाची बातमी पोचली होती. आता सगळ्यांना पहिल्यापासूनच ठाऊक होतं की बाबली निर्दोष आहे! काशीराम ओटीवर बसला, हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला की झालं ते झालं, मेव्हण्याला पाणी समजत नाही, मासा हातचा जातो, उद्यापासून बाबलीने खडकावर यावं. बाबलीच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललं. ज्यासाठी मथुरेने जिवाचं रान केलं ते हेच होतं, ते शहाळी घेऊन घरी चालत आलं होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

ती दारात उभी होती.

"तांडेलानू, एक सांगा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या दिसा तुमी वर कित्याक येवक नाय?"

"दोर सोडलो असतो तर मासो गेलो असतो गो."

"मासो नाय गेलो. माजो घोव गेलो."

काशीराम शहाळ्यांकडे बघत बसला. रिवाज सांगेल, रागावेल असं वाटलं. पण त्याचा मोठा देह ओटीवर लहान झाला, आणि त्याने खाल मानेने सांगितलं ते इतकी वर्षं कोणाच्या तोंडून आलं नव्हतं.

"भियालंय गो मी. माकाय बांदून न्हेतले असा वाटला. दोर हातात होतो म्हणान सांगूक कारण मिळाला."

हे कोर्टात सांगितलं असतं तर? निदान देवळात? पण मथुरेने ते विचारलं नाही. तिला रडूही आलं नाही. चाळीस माणसांचं गुपित एवढंसं होतं, आणि त्यापायी तिने तीन वर्षं दारं ठोठावली होती. शहाळी परत न्या, म्हणाली. काशीराम ती उचलून निघून गेला.

बाबली दुसऱ्या पहाटे खडकावर गेला. तिने अडवलं नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि ती जागा त्याचीच होती, तसं सरकारने लिहून दिलं होतं. पण स्वतः ती त्या किनाऱ्यावर पुन्हा पाटी घेऊन बसली नाही. रोज पहाटे अडीच मैल चालत आचऱ्याला जायची, तिथल्या रापणीची मासळी घ्यायची, आणि तीच विकायची. सडेवाडीत येऊन सडेवाडीच्या समोर आचऱ्याचा बांगडा विकायची! नवरा खडकावरून ज्या रापणीला मासा दाखवत होता, त्या रापणीचा मासा तिच्या चुलीवर शिजला नाही. बाबलीने एकदा विचारलं असेल, दुसऱ्यांदा नाही.

आचऱ्याच्या बायका तिला चिडवायच्या. काय गो मथुरा, तुमच्या वाडीचा मासा वाईट आहे काय, एवढी पायपीट करतेस ती?

"मासो बरो आसता," ती म्हणायची, आणि पाटी डोक्यावर चढवायला हात लाव म्हणून खूण करायची. "माणसां भित्री."